शिशाचे मोजे

"हा काडतुसांचा पट्टा कोणी शिवला?"

खाकी गणवेशातल्या बाईंनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, आणि मी बावळट, मान ताठ करून म्हणाले, "मी!"

शिवणाबद्दल कोणी विचारलं की माझं असंच होतं. मालवणच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि माझ्या टाक्याचं श्रेय मी कधी दुसऱ्याला जाऊ देत नाही. मग मी पडद्याकडे नीट बघितलं. आमची निळी बॅग आरपार दिसत होती. पोहायचे रबरी पंख, पट्टे, बकलं, आणि मधोमध दोन रुंद पट्ट्यांत काळ्या लांबट ठिपक्यांच्या रांगाच्या रांगा, एकाला एक खेटून. सिनेमातले डाकू छातीवर अडकवतात ना, तस्सं.

"अहो बाई, ती काडतुसं नव्हेत. जाळ्याची शिसं आहेत ती."

"कायची?"

"शिसं. मासे धरायच्या जाळ्याला खालून ओवतात, जाळं बुडावं म्हणून."

"मंग जाळं कुठं आहे?"

"जाळं नाही."

"बिनजाळ्याचे मासे धरून राहिल्या का तुम्ही मालदीवला जाऊन?"

"मासे नाही हो धरायचे. ती भावाच्या पायांना बांधायची आहेत."

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "भावाच्या पायाला शिसं बांधून त्याला समुद्रात सोडणार तुम्ही?"

"हो," मी म्हणाले. आणि मग माझं मलाच ऐकू आलं. "म्हणजे तसं नाही!"

"दार लावा हो जरा," बाई मागच्या शिपायाला म्हणाल्या.

मुंबईच्या विमानतळावरची ती आतली खोली. सामान देऊन झालं होतं, आम्ही आता सुटलो म्हणून चहा घ्यायला निघालो होतो, आणि तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला होता. बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर वानखडे असं नाव होतं. बोलणं तिकडचं, अकोल्याकडचं. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की अख्खा बाजार कान झाकतो, पण त्या खोलीत मी शब्द मोजून बोलायला लागले. कारण ती बॅग गेली, तर सगळंच गेलं असतं.

माझा भाऊ पुरुषोत्तम, घरच्यांचा आणि गावचाही भाई, तेव्हा बाहेर चाकाच्या खुर्चीत बसला होता. आम्ही देवबागचे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या. भाई बाबांबरोबर होडीवर जायचा आणि जाळं दगडात अडकलं की सगळ्यांच्या आधी पाण्यात उडी मारायचा. तरणाताठा असताना एका दुपारी शहाळी काढायला घरच्याच माडावर चढला आणि वरून खाली आला. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं त्या दिवशी थांबलं. त्यानंतर पाच वर्षं तो पडवीत बसून होता. दर्या समोर दिसायचा, पण किनाऱ्यावर चल म्हटलं की अंगावर यायचा. कोणी फार आग्रह केला तर म्हणायचा, "माका काय प्रदर्शनात ठेवतलास?"

त्याला पाण्यात घातलं ते इनासनं. इनास फर्नांडिस भाईचा लहानपणचा मैतर. तारकर्लीला लोकांना पाण्याखाली नेऊन मासे आणि प्रवाळ दाखवायचं काम करायचा. एका सकाळी तो आला, काही न विचारता भाईला नारळाच्या पोत्यासारखा खांद्यावर टाकला आणि होडीत नेऊन घातला. भाई वाटेभर त्याच्या सात पिढ्या उद्धरत होता. आई पडवीतून ओरडत होती. मी होडीबरोबर धावत गुडघाभर पाण्यात गेले. इनासनं त्याला कमरेला धरून पाण्यात सोडला, आणि भाईच्या शिव्या थांबल्या. नुसते हात हलवत तो फिरला, पुढे गेला, परत आला. ज्याला कुशीवर वळवायला घरात दोन माणसं लागायची, तो आपला आपण वळत होता. मी तिथेच पाण्यात उभी राहून रडले, लाज नाही वाटली.

मग इनासनं त्याला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं. पाठीवर टाकी, तोंडात हवेची नळी, डोळ्यांवर काच. पण एक घोळ होता. भाईच्या पायांत आता काही उरलंच नव्हतं, काड्या झाल्या होत्या, आणि त्या पाण्यात वर वर यायच्या. पाय वर, डोकं खाली. पायांना शिशाची चपटी वजनं बांधून बघितली, तर एक वजन पोटरीला घासलं. भाईला कळणार कसं? पाय बधिर. घरी आल्यावर रक्त दिसलं, आणि ती जखम भरायला अख्खा पावसाळा गेला.

तेव्हा मी म्हटलं, आता हे काम शिंप्याचं. इनासकडून पाण्यात घालायचे जुने वेटसूट आणले आणि त्यांच्या जाड रबरी कापडाचे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचे दोन मोजे कापले. गोधडीला घालतो तसे बारीक कप्पे शिवले आणि एकेका कप्प्यात जाळ्याचं एकेक शिसं घातलं. बाबांच्या हातची शिसं होती ती. चुलीवर वितळवून साच्यात ओतायचे, वाल पापडीच्या शेंगेएवढी लांबट. उजवा पाय डाव्यापेक्षा बारीक, म्हणून उजव्याला रांगा कमी. आतून मऊ अस्तर. दोनदा उसवले, तिसऱ्यांदा बसले. असे बसले, की भाई पाण्यात नेईल तसा राही आणि कातडीवर साधा वळ उठत नसे.

म्हणून मालदीवच्या एका संस्थेनं अशा माणसांना पाण्याखाली न्यायचं शिबिर ठेवलं आणि भाईला बोलावणं आलं, तेव्हा इनास पहिलं वाक्य हेच बोलला. "टाकी थय गावतली, पंख थय गावतले. हे मोजे खयच गावाचे नाय." टाकी, पंख तिथे मिळाले असते, हे मोजे कुठेच नाही.

सामान भरायला आम्हाला लग्नाच्या रुखवताएवढा वेळ लागला. हवेची नळी आणि तिचं यंत्र नाजूक, म्हणून आईच्या सुती लुगड्यात गुंडाळून हातातल्या पिशवीत. काच तिच्या डबीत, डबी टोपीत. पंखांच्या पोकळीत मोजे, बाजूनं सूट, म्हणजे कुठे धक्का लागायला नको. आईनं दोनदा सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, पुडी आत सरकवली आणि मी दोनदा काढली. "आई, तिथे आजूबाजूला समुद्रच आहे!" म्हटलं, तर म्हणते, "असांदे. आपल्या सुंगटांची चव येतली काय तेका?" एवढी सगळी काळजी घेतली आणि जे सगळ्यांत संशयास्पद दिसणार होतं, त्याचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. देवबागात घराघरात शिसं असतात. ती बघून कोणाला काडतूस आठवत नाही.

वानखडेबाईंनी बॅग टेबलावर आणवली. मोजे बाहेर काढले, दाबून बघितले, उलटे केले. "छान शिवलंय," म्हणाल्या. "आता उसवा."

"काय?"

"उसवा. आत काय आहे ते दिसल्याबिगर मी सोडू शकत नाही."

माझं डोकं तापलंच. "अहो, दोन महिने लागलेत मला! एकेका कप्प्याला तिहेरी टाका आहे. तुम्हाला एक कप्पा उसवून दाखवते, बाकीचे तसेच."

"एकामधी शिसं आणि दुसऱ्यामधी दुसरं काही असलं तर? ताई, तुम्ही खोटं बोलून राहिल्या असं मी म्हणतच नाही. पण न पाहता सोडलं आणि वर काही झालं, तर मी कोणाला तोंड दाखवू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "नाहीतर इथं ठेवून जा. पावती देते. परत आल्यावर घेऊन जा."

त्यांचं बोलणं चूक नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबत होतं. भाईला विचारून येते म्हणाले आणि बाहेर आले.

बाहेर भाई आणि इनास दोघं वाट बघत होते. मी सगळं सांगितलं. इनासनं कपाळावर हात मारला.

"आवशीचो घो! काडतुसां?" मग त्याला हसू फुटलं, माझं तोंड बघून त्यानं ते गिळलं. "भाई, आयक. मोजे नसले तरी चलतला. मी तुझे पाय धरतंय, तू आडवो पोवत जा. पाकट काय उभ्यान बघूचा लागता?"

पाकट बघायलाच तर आम्ही चाललो होतो. पाकट म्हणजे चपटा, लांब शेपटीचा मासा; आमच्याकडे बाजारात येतं ते परातीएवढं. तिथे त्याच जातीचं म्हणे होडीएवढं असतं.

"लागता," भाई म्हणाला.

"कित्याक पण?"

"लागता म्हणजे लागता. मोजे येत नसतीत, तर मी हयसूनच घराक जातंय."

"भाई, अरे विमान सुटतला!" मी म्हटलं.

"सुटांदे."

"शिरा पडो तुझ्या हट्टार! ती बाई उसव म्हणता सगळे. सगळे! थय जाऊन परत हातान शिवूचे लागतले."

भाईनं माझ्याकडे बघितलं. तो कधी विनवणी करत नाही. लहानपणापासून नाही. त्या दिवशी त्यानं माझा हात धरला, आणि मला त्या पकडीचं आश्चर्य वाटलं, इतकी घट्ट होती.

"शिव मगे," तो म्हणाला. "सुगंधा, माझ्यासाठी शिव."

मी आत गेले, बॅगेतल्या डब्यातून माझी छोटी कात्री काढली आणि खाली मान घालून उसवायला बसले. आपलाच टाका आपण उसवायचा म्हणजे काय असतं ते शिंप्यालाच विचारा. दोरा पक्का, कापड जाड, हाताला घाम. थोड्या वेळानं मोज्याचं दुसरं टोक आपोआप ताठ झालं. बघते तर वानखडेबाई समोर बसून ते ओढून धरत होत्या.

"माझी माय गोधड्या शिवते," त्या म्हणाल्या. "उसवताना असं धरावं लागते, मला माहीत आहे."

शिसं टेबलावर पडत गेली. त्यांनी एक उचललं, भोकातून उजेडाकडे बघितलं. मग अस्तरावरून बोट फिरवलं. "हे आतून एवढं मऊ कशासाठी?"

"त्याला लागलेलं कळत नाही. जखम झाली तरी कळत नाही."

सगळी शिसं पारदर्शक पिशव्यांत भरली, पुन्हा त्या यंत्रातून गेली, आणि यंत्राला आता काही म्हणायचं नव्हतं. रिकाम्या मोज्यांची नुसती चिंध्यांची जुडी झाली होती. बाई आमच्याबरोबर बाहेर आल्या. भाईच्या खुर्चीसमोर थांबल्या.

"काय पाहायला चालले दादा तिकडं?"

"पाकट."

"म्हणजे?"

भाईनं दोन्ही हात पसरले, मग ते अपुरे वाटले म्हणून मानेनं दाखवलं, ह्या भिंतीपासून त्या खांबापर्यंत. बाईंनी भिंतीकडे बघितलं, खांबाकडे बघितलं.

"मासा?"

"मासो."

"अरे बाप्पा!" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "मग जा, पळा लवकर!"

विमानात मी खिडकीशी. कितीतरी वेळ खाली नुसतं निळं होतं. मग इनासनं कोपरानं ढोसलं. खाली बेटं दिसत होती, तव्यावर सोडलेल्या घावनांसारखी गोल गोल, कडेला जाळीदार. मधे फिकट हिरवं पाणी, आणि कडा संपली की एकदम काळंनिळं. आयुष्यभर दर्याकाठी राहिलेली मी, पण दर्या वरून असा दिसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भाई माझ्यावरून वाकून बघत होता.

तिथे उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या, आमची येईना. लोक पांगले, पट्टा रिकामा फिरत राहिला. मी मनात रामेश्वराला काय काय बोलले ते त्यालाच ठाऊक. अगदी शेवटी निळा कोपरा दिसला. इनासनं झडप घालून उचलली, तिथेच चेन उघडून शिशाच्या पिशव्या चाचपल्या, आणि आमचा जीव भांड्यात पडला.

बेटावर पोचल्यावर मी आमच्या खोलीच्या ओटीवर बसकण मारली. बोटावर अंगुस्तान चढवलं, दाभण घेतलं आणि शिवायला लागले. मशीनवर सरसर जाणारं रबर हातानं हलत नाही. एकेक टाका खेचताना दात आवळावे लागत होते. अंगुस्तानातूनही बोटं सोलली. इनास आत लुगड्याच्या घड्या सोडवत होता. काचेला चरा नाही, नळीतून हवा बरोबर येतेय, सगळं सुखरूप. भाई माझ्याजवळ बसून पाण्याकडे बघत होता.

"भाई, इतका काय अडलंय रे त्या मोज्यांवाचून?" मी विचारलं. "इनास पाय धरूक तयार आसा ना?"

"शिव गो तू. बडबड कमी कर."

"माझी बोटां बघ!"

त्यानं बोटं बघितली. मग माझ्या हातातून दाभण घेऊन पुढचे दोन कप्पे त्यानंच शिवले. जाळी विणलेला हात होता, टाका माझ्यापेक्षा ओबडधोबड पण घट्ट. मी तो उसवला नाही. दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यात बसवून बघितलं, तर उजवा पाय बाहेर वळत होता. पुन्हा उसवलं, रांग बदलली, पुन्हा शिवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाई म्हणाला, "बसलो."

होडी निघाली तेव्हा ऊन नुकतं चढत होतं. तिथला एक गाईड होता, इनास होता आणि त्या दोघांच्या मधे भाई. मला टाकी घेऊन खाली जाता येत नव्हतं, म्हणून मी वरूनच बघणार होते. डोळ्यांवर काच, तोंडात वर हवेत येणारी नळी, हातात तरंगता टायर. गाईडनं हातवारे करून समजावलं होतं. खाली एक खडक आहे, तिथे पाकटं अंग साफ करून घ्यायला येतात, बारके मासे त्यांची घाण खातात. त्यांच्या वाटेत कोणी जायचं नाही. बाजूला वाळूची मोकळी जागा आहे, तिथे थांबायचं आणि काही करायचं नाही.

त्यांनी भाईला होडीच्या कडेवरून पाण्यात घेतलं. मी पाठोपाठ उतरले आणि तोंड पाण्यात घातलं.

बाई गं! तळ दिसत होता. आमच्याकडे हात लांब केला तर पंजा धूसर होतो, आणि इथे एवढ्या खालचे वाळूतले वळसुद्धा मोजता आले असते. मला वाटलं मी उंचावर टांगलेय आणि आता पडणार. टायर घट्ट धरला. तिघं खाली जात होते. इनासचा हात भाईच्या काखेत, गाईड दुसऱ्या बाजूला. बुडबुडे माझ्या पोटाला येऊन लागत होते. मला भाईच्या डोक्यावरची टोपी दिसत होती आणि खाली माझे मोजे.

तळाशी पोचल्यावर मला वाटलं, आता त्याला वाळूवर बसवतील. भाईनं हातानं खूण केली, नाही. इनास त्याच्या समोर आला. भाईनं पुन्हा खूण केली. तळवा आडवा धरून खालून वर उचलला. इनास तसाच थांबला, क्षणभर त्याचे बुडबुडेच आले नाहीत. मग त्यानं भाईला सरळ केला. शिशानं पाय खाली ओढले, पंखांची टोकं वाळूला लागली, वाळूचा छोटा धूर उठला. इनासनं एक हात सोडला. मग दुसरा सोडला आणि शेजारी उभा राहिला.

भाई उभा होता.

कोणाच्या आधारानं नाही, भिंतीला टेकून नाही. हात थोडे पसरून, मान सरळ. पाण्याचा जोर आला की थोडा झुलायचा, पुन्हा सरळ व्हायचा. मी नळीत काहीतरी ओरडले, खारं पाणी नाकातोंडात गेलं. डोकं वर काढून खोकले आणि लगेच परत खाली बघितलं, कारण मला भीती होती की तेवढ्यात तो पडला असेल. पडला नव्हता.

आणि मग ते आलं. आधी खालची वाळू काळवंडली, मला वाटलं ढग आला. पण वरून ऊन माझ्या पाठीवर तसंच होतं. खडकामागून एक सावली सरकली आणि तिच्यावरून ते आलं. पाकट. मी आयुष्यात किती पाकटं कोयत्यानं कापली असतील, त्याचं तिखलं माझ्या हातचंच खावं असं सासर म्हणतं. पण हे मी ओळखलंच नाही. आमची पडवी हलायला लागली तर कशी दिसेल, तेवढं. पाठ काळी, कडा वर जाताना खालचं पांढरं चमकायचं. पंख मारणं म्हणावं तर जोर नाही, दोरीवरची ओली चादर वाऱ्यानं उचलावी तसे सावकाश वर, सावकाश खाली. ते खडकावर थांबलं. बारके मासे धावले. मग ते वळलं, खडक सोडला आणि वाळूवर भाईकडे आलं.

गाईड वाळूवर सपाट झाला. इनासही. भाईला सपाट होता येत नव्हतं आणि तो होणारही नव्हता. ते त्याच्या समोरून, त्याच्या डोक्याच्या पातळीवरून गेलं, इतक्या सावकाश की त्याचा एक डोळा भाईच्या तोंडासमोर आला आणि तिथेच राहिला. भाई हलला नाही. मीही श्वास घेतला नसेल. मग ते पुढे निघून गेलं, शेपटीची दोरी मागे सोडत, आणि निळ्यात कुठे मिसळलं ते कळलंच नाही.

त्यानंतर अजून आली. एकामागून एक, वरून खाली, खालून वर. इनासनं नंतर सांगितलं म्हणून मला कळलं. मी बघितली नाहीत. माझी नजर भाईवरून हललीच नाही.

होडीवर त्याला ओढून घेतलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते. इनासच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तो म्हणे काचेत पाणी गेलं. मी भाईला टॉवेलात गुंडाळला आणि मोजे काढायला वाकले, कातडी बघायला हवी होती. वळ नव्हता.

"आता तरी सांग," इनास म्हणाला. "उभ्यानच कित्याक?"

भाईनं टॉवेल अंगाभोवती ओढून घेतला. मग म्हणाला, "बसान बसान माका माणसांची पोटांच दिसतत रे. तोंडां बघूची तर मान वर करूची लागता. देवाक सुदीक. लोक बोलतत ता माझ्या डोक्यावरसून बोलतत. म्हटलंय, एकदा कोणाच्या तरी डोळ्याक डोळो देऊन बघूया." तो थांबला. "तेना बघलान. माका बघलान तेना."

मग तो माझ्याकडे वळला. "केवढा होता गो! तू वरसून बघलंस मा?"

"पाकट?" मी म्हटलं. "पाकट माका बघूकच गावला नाय."

"मगे इतको वेळ काय बघत होतंस?"

मी शिंपीण. इतकी वर्षं त्याचे सगळे कपडे मीच शिवले. खाटेवर निजवून टेप लावायची, कंबर, मांडी, पोटरी. सगळी मापं मला तोंडपाठ. आणि आता खाली बघितलं तेव्हा इनास, तो चांगला धिप्पाड इनास, त्याच्या शेजारी उभा असताना भाईच्या कानाला लागत होता.

"भाई," मी म्हटलं, "तू इनासापेक्षा उंच आसस रे."

"होतंयच," भाई म्हणाला. "तुमीच इसारलास."